बिनदाराच्या रिक्षाचं उघडं दार

माझ्या हातून आजवर झालेल्या चुकांमध्ये आकारानं सगळ्यात लहान चूक म्हणजे दोन महिरपी कंस आणि त्यांच्या मधोमध बसलेलं एक शून्य. माझ्या लेकीच्या, अंजूच्या, झबल्याच्या बटणाएवढीही नाही. पण तिच्यामुळे चाकणच्या एका आवारात तीनशे साठ रिक्षा एका सुरात खोटं बोलायला लागल्या आणि माझा एक बुधवार गेला. रिक्षांचं मी निस्तरलं. बुधवाराचं राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बसले आहे, हे अगदी अक्षरशः. कंपनीच्या बसमध्ये, खिडकीजवळच्या सीटवर, मोबाईलवर अंगठ्यानं लिहिते आहे. आमची बस पिंपळे सौदागरहून निघते, कासारवाडीला भरते आणि मोशीच्या पुढे थांबते. तिथे थांबा नाही. नुसतीच थांबते. घरी मी अंजूची असते, कंपनीत अफताब सरांची, आणि ट्रॅफिकमध्ये तेवढी माझी स्वतःची. हा रस्ता ज्या दिवशी मोकळा होईल त्या दिवशी माझं लेखन संपेल, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

आमची कंपनी रिक्षांचे आणि छोट्या टेम्पोंचे मीटर बनवते. हँडलच्या पुढे तो चौकोन असतो ना, वेग, बॅटरी आणि बारीक बारीक दिवे दाखवणारा, तो. त्याच्या आतला सी भाषेतला प्रोग्रॅम आम्ही चौघं लिहितो. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर काही महिन्यांनी मी आमचे मॅनेजर अफताब सर यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आठवड्यातला एक दिवस घरून काम. तो दिवस बुधवार. सोमवारी मीटिंग असते, मंगळवारी सोमवारच्या मीटिंगचं काय झालं याची मीटिंग असते, गुरुवारी गिऱ्हाईक कंपनीचे लोक येतात, शुक्रवारी ते येऊन काय बोलून गेले याची मीटिंग. बुधवार बिचारा पोरका.

अफताब सर सज्जन माणूस. त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ते अटी घालतात.

"हर्षाली, तू काही गैर मागितलेलं नाहीस," ते म्हणाले. "पण मला वरती काहीतरी दाखवावं लागतं ना. त्या नवीन कंपायलरनं बघ काय मांडून ठेवलंय."

कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेलं वाचून ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. आमचा जुना कंपायलर मुका होता. जे द्याल ते निमूट गिळायचा. त्याच महिन्यात आलेला नवा मात्र तोंडाळ निघाला. पहिल्याच दिवशी त्यानं एक्केचाळीस वॉर्निंग दिल्या. चूक म्हणजे चूक, तिथे काम थांबतं. वॉर्निंगचं तसं नाही. वॉर्निंग म्हणजे 'करतोय मी तुझ्या मनासारखं, पण मला ठीक वाटत नाहीये.' घराघरांत असं बोलणारं एक माणूस असतंच.

"हे रिलीज गिऱ्हाईकाकडे शून्य वॉर्निंगवर गेलं," सर म्हणाले, "की पुढचा बुधवार तुझा."

आता त्या बुधवाराची एवढी काय मातबरी, ते सांगायला हवं. अंजू पालथी पडली तेव्हा मी मोशीत होते. रांगायला लागली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. तिचा पहिला दात मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आता ती अकरा महिन्यांची झाली होती; टीपॉयला धरून उभी राहायची, एक हात सोडायची आणि लग्नात आलेल्या पाहुण्यासारखी सगळ्यांकडे बघायची. आज पाऊल टाकेल की उद्या, एवढाच प्रश्न होता. गोरक्षनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिच्यासाठी लाल बूट आणून ठेवले होते. पाऊल टाकलं की पीं वाजतं ते. पहिलं पाऊल टाकेल त्याच दिवशी घालायचे, तोवर खोका फ्रीजवर, असा त्याचा हुकूम. आणि ते पाऊल मी बघायचं, हा माझा.

चाळीस वॉर्निंग मी आठ दिवसांत काढल्या. जेवणाच्या सुट्टीत काढल्या, एक तर लसीकरणाच्या रांगेत उभी असताना मनातल्या मनात काढली. एक्केचाळीसावी मात्र हटेना. 'युनियनला सुरुवातीची किंमत देताना जादा घटक दिले आहेत.'

युनियन म्हणजे काय, हे मला घरीही समजावून सांगावं लागलं. माझ्या सासूबाई ठकुबाई, मी त्यांना आई म्हणते, मूळच्या चाकणजवळच्या गावातल्या. अंजूला सांभाळायला शेत, गोठा आणि भिशी सोडून चौथ्या मजल्यावर येऊन राहिल्या आहेत. त्या रविवारी मी लॅपटॉपकडे बघून उसासा टाकला, तर त्या डबा घासता घासता म्हणाल्या, "काय झालं? मशीन रुसली व्हय?"

मग मी त्यांच्याच हातातला डबा घेतला. म्हटलं, आई, समजा हा एकच डबा आहे. यात कधी पोहे ठेवायचे, कधी लाडू, कधी नुसती वाटीभर मोहरी. पण एका वेळी एकच काहीतरी. डबा केवढा घ्यायचा? तर सगळ्यात मोठ्या जिनसेएवढा. याला युनियन म्हणतात. आता ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला त्यानं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, की मोहरी शून्य, पोहे शून्य, लाडू शून्य. कंपायलर म्हणतो, अहो, डबा एक आहे, एकाच गोष्टीचं सांगा. पहिली जिन्नस शून्य म्हणा, बाकीची दोन शून्यं जादा झाली.

"पयली कंची?"

"मोहरी."

"म्हंजी वाटीभर जागा." आईंनी डबा परत घेतला आणि आत बघितलं. "मंग मोहरीपुरताच डबा धुतला, तर बाकीचा कोन धुणार?"

मी हसले. कौतुकानं हसले, आणि तेच चुकलं. त्या वेळी त्या बाईंच्या पायाशी बसून मी तो प्रश्न वहीत उतरवून घ्यायला हवा होता. मी म्हटलं, "आई, तो सगळा धुतो, त्याला कळतं."

खालच्या मजल्यावरच्या मुमताजभाभी ब्लाउज द्यायला आल्या होत्या. त्यांनी वेगळाच सल्ला दिला. "वॉर्निंगला काय घाबरतेस गं? आमच्या नदीमच्या डायरीत शाळेतून आठवड्याला एक येते. मी सही करते आणि बंद करते. आजपर्यंत काही झालंय?"

"नदीम नापास झाला ना गेल्या वर्षी?"

"ते वेगळं," भाभी म्हणाल्या.

मी दोन जादा शून्यं पुसली. उरले दोन कंस आणि एक शून्य. कंपायलर गप्प झाला. इथंच लॅपटॉप मिटला असता तर ही कथा झाली नसती. पण खालच्याच ओळीवर माझी नजर गेली. तो अख्खा डबा काठापासून काठापर्यंत पुसून शून्य करणारी ओळ होती ती. आणि तिच्या शेजारी टीप: 'ही ओळ काढू नये. – कोंडीराम.'

कोंडीराम सर दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. हा प्रोग्रॅम मुळात त्यांचा. का काढू नये, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. कारण दिल्याशिवाय सांगितलेलं आमच्या पिढीला पटत नाही आणि याचा आम्हाला अभिमान आहे. मी विचार केला, वर एकदा शून्य केलंय, खाली पुन्हा पुसायचं कशाला? दोनदा अंघोळ! मी ती ओळ काढली. त्याच भरात इकडच्या तिकडच्या अकराशे ओळींच्या मोकळ्या जागाही सरळ केल्या. पाहुणे यायच्या आधी माणूस उशांची टोकंसुद्धा नीट करतो, तसं.

आता रंगराव. रंगराव आमचे क्वालिटीचे प्रमुख. बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्र्याला पडलेले पोचे शोधण्यात गेली, मग त्यांना आमच्यावर सोडण्यात आलं. त्यांच्या लेखी प्रोग्रॅममधली ओळ म्हणजे एक पीस. पीस चांगला तर लाईनवर, खराब तर लाल पेटीत. प्रत्येक खराब पीसला टॅग, टॅगवर नंबर, तारीख, सही.

"मॅडम, एक्केचाळीस वॉर्निंग काढल्या म्हणताय. माल कुठाय?"

"साहेब, माल कसला? ओळी होत्या, पुसल्या."

"पुसल्या म्हणजे? रिजेक्टेड पीस पुसून टाकतात होय? उद्या ऑडिटर आला तर त्याला काय दाखवू, हवा?"

तर मी एक्केचाळीस वॉर्निंगच्या जुन्या ओळी कागदावर छापल्या, कात्रीनं कापल्या, प्रत्येकीला दोऱ्यानं टॅग बांधला आणि लाल पेटीत टाकल्या. बी.ई. आहे मी, पहिल्या वर्गात. शेजारच्या पेटीत वाकलेले स्क्रू होते. येणारेजाणारे माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मी इथं लिहीत नाही. एक्केचाळीसाव्या टॅगला दोन चिठ्ठ्या बांधल्या, एक वॉर्निंगवाली आणि एक कोंडीराम सरांची. काढलं ते काढलं, लपवायचं कशाला?

गुरुवारी रिलीज गेलं. दारातल्या फळ्यावर 'वॉर्निंग: शून्य' लिहिलं गेलं. अफताब सरांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

आणि बुधवार आला. मी सकाळी सातला लॅपटॉप उघडला, नऊपर्यंत सगळे मेल संपवले आणि टीपॉयच्या समोर मांडी घालून बसले. अंजूनं एक हात सोडला. मग दुसरा. दोन्ही हात हवेत धरून ती उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, डोळे मोठे केले. आणि फोन वाजला.

ती घाबरून मटकन खाली बसली.

"हर्षाली," अफताब सर म्हणाले, "रिक्षा दार उघडं आहे म्हणतायत."

"कुठली रिक्षा?"

"सगळ्या."

"सर, रिक्षाला दार नसतं."

"तेच तर गिऱ्हाईक विचारतंय."

दार उघडं असल्याचा दिवा मीटरमध्ये असतो, कारण तोच मीटर टेम्पोलाही लागतो. रिक्षात तो कधी पेटायचाच नाही. चाकणच्या त्या आवारात पोचले, तर उन्हात तीनशे साठ रिक्षा रांगेत उभ्या, प्रत्येकीत लाल दिवा आणि दर चार सेकंदांनी टुंग. त्या हलवायला धर्माजी म्हणून एक वयस्कर ड्रायव्हर होते. ते माझ्यापाशी आले, टोपी मागं सारली आणि शांतपणे म्हणाले, "म्याडम, दार कुठं हाय तेवढं दावा. मी लावून घेतो."

एवढा नम्र अपमान माझा लग्नातही झाला नव्हता.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आमच्या टेबलावरच्या मीटरमध्ये मात्र दिवा पेटतच नव्हता, त्यामुळे चूक सापडेना. बदल काय काय केले त्याची यादी काढली, तर माझ्याच साफसफाईच्या अकराशे ओळी समोर आल्या. कोंडीराम सरांची ओळ त्यात कुठंतरी होती. पण ती काढल्याचं मला आठवतच नव्हतं. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईच्या डोक्यात किती गोष्टी टिकतात, याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा.

रोज घरी पोचायला साडेआठ व्हायचे. अंजू झोपलेली असायची. गुरुवारी जिन्यात मुमताजभाभी भेटल्या. "हर्षाली, अगं तुमच्याकडून दुपारभर पीं पीं..." एवढं म्हणाल्या, तोच वरून आईंचा आवाज आला.

"कुकर! कुकरची शिट्टी बिघडलीया!"

भाभी एकदम म्हणाल्या, "हां हां, कुकर. तेच म्हणते मी."

माझ्या घरचा कुकरही माझ्याशिवाय बिघडतोय, याचं मला इतकं वाईट वाटलं, की शुक्रवारी बस सुटायच्या आधी धावत जाऊन मी नवी शिट्टी घेतली. आईंनी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली. "बरं केलंस," म्हणाल्या आणि लगेच कुकरवर चढवली.

शनिवारी दुपारी रंगराव लाल पेटी दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, तुमचा सगळा माल मी तपासला. चाळीस टॅगना एक एक पीस आहे. एक्केचाळीसला दोन. पहिल्याला वॉर्निंग होती. दुसऱ्याला काय आजार होता?"

मी चिठ्ठी हातात घेतली. ही ओळ काढू नये.

"आजार नव्हता," मी म्हटलं.

"मग लाल पेटीत का टाकला?"

त्या क्षणी मला आईंच्या हातातला डबा दिसला. नवा कंपायलर पहिल्या जिनसेपुरतीच जागा धुवत होता, मोहरीपुरती. बाकीच्या डब्यात आधीचं कुणाचं काय उरलं असेल ते तसंच. टेबलावर डबा योगायोगानं कोराच निघायचा. रिक्षात मात्र तळाशी जुने पोहे होते आणि ते 'दार उघडं' म्हणत होते. अख्खा डबा धुणारी ओळ माझ्या हातात होती, दोऱ्यासकट.

"साहेब, ही परत घालते."

"अजिबात नाही." रंगरावांनी पेटी छातीशी धरली. "लाल पेटीतला पीस परत लाईनवर जात नाही. नवीन बनवा."

मग मी नवीन बनवला. अक्षर न् अक्षर तोच. रंगरावांनी चष्मा लावून दोन्ही जुळवून बघितले. "सेम दिसतोय."

"सेमच आहे."

"पण नवा आहे," ते समाधानानं म्हणाले आणि सही केली. संध्याकाळी पाच वाजता पहिल्या रिक्षाचा दिवा विझला. धर्माजींनी मला लांबूनच नमस्कार केला. "लागलं बगा दार!"

राहिला तो पाच 'का'चा फॉर्म. आमच्याकडे कुठलाही माल बिघडला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. दिवा का लागला? डबा धुतला नव्हता. का नव्हता? ओळ काढली होती. का काढली? जादा वाटली. विचारून का नाही काढली? घाई होती. घाई का होती?

मग मी लिहिलं: 'मला बुधवारी घरी राहायचं होतं.'

रंगरावांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "बावीस वर्षं हे फॉर्म बघतोय. पाचव्या 'का'ला लोक ऑपरेटरचं नाव टाकून मोकळे होतात." मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "मूळ कारण मान्य. पण कायमचा उपाय काय लिहू?"

मग त्यांनीच 'चर्चा चालू' असं लिहिलं. अफताब सर फॉर्म बघून नुसतेच खाकरले. बुधवार तूर्त स्थगित.

परतताना बसमधून मी राजगुरुनगरला कोंडीराम सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"काढलीस होय ती ओळ?"

"हो सर."

"मीपण एकदा काढली होती. असाच घोळ झाला होता. म्हणून तर लिहून ठेवलं."

"मग कारण का नाही लिहिलंत, सर?"

"लाज वाटली गं," ते म्हणाले.

घरी पोचले तर दारातच सगळे उभे. गोरक्ष मोबाईल धरून, आई पदर खोचून, मुमताजभाभीसुद्धा. मधोमध अंजू, पायांत लाल बूट.

"आली, आली! बघ आता," गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता. "आत्ता टाकेल बघ. पहिल्यांदा!"

"सकाळपासनं नुस्ती हुबी राहतीया," आई म्हणाल्या. "आयची वाट बघतीया जणू."

मी गुडघ्यावर बसले, हात पुढं केले. अंजू निघाली. पीं. मग काहीच नाही. पीं. मग काहीच नाही. टीपॉयचा कोपरा आला, तिनं तो न धडकता, न थबकता, वळून पार केला आणि धाडकन माझ्या कुशीत आली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला उचललं आणि तिचा डावा पाय हातात आला. त्या बुटाची शिट्टी पार दबून गेली होती. कोऱ्या बुटाची शिट्टी अशी दबत नाही. चार दुपारी चालावं लागतं. तळव्याच्या खाचांत सोसायटीच्या बागेतली लाल माती वाळून बसलेली होती.

मी वर बघितलं. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"पहिल्यांदाच!" मी म्हटलं. "आणि मी होते!"

आईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या घाईघाईनं कुकर लावायला गेल्या. नव्या शिट्टीचा. जुनी, चांगली वाजणारी, त्यांनी मोहरीच्या डब्यामागं दडवलेली आहे. मला ती दुसऱ्याच दिवशी सापडली. मी ती होती तिथंच ठेवली.

बूट आता तिला लहान व्हायला लागलेत. कालच मी ते परत खोक्यात घालून फ्रीजवर ठेवले. गोरक्ष म्हणाला, एक तर वाजतही नाही, देऊन टाकू का कुणाला? मी पेन घेतलं आणि खोक्यावर लिहिलं: 'हे टाकू नये. – हर्षाली.'

कारण लिहिलं नाही.